वहीची मागची पानं

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर मुलगी झोपली होती. डोकं तिला सांभाळणाऱ्या ताईंच्या मांडीवर, पाय आईच्या. आई परगावची नोकरी सोडून तिला न्यायला आली होती.

“ही वही ठेव. ताप, औषधं, शाळा, सगळं लिहिलंय.”

“आणि मागच्या पानांवर काय, ताई?”

“तिची स्वप्नं. उठल्या उठल्या सांगते, दात घासले की विसरते. म्हटलं, तुला कळायला हवीत.”

“सगळ्यांत मीच?”

“रोज येतेस बाई. कधी ढगावरून, कधी माशाच्या पाठीवर बसून.”

“तुम्ही एकातही नाही?”

“मी कशी असेन? मी उठवते ना तिला.”

“उद्यापासून मी उठवणार.”

“हो ना. मग तिथे माझा नंबर लागेल.”