ठिपके माझे, नाव ह्यांचं

कुणाचा विश्वास बसला नाही हो. एकाचासुद्धा नाही! भरल्या हॉलमध्ये मी घसा ताणून सांगतेय, ही चित्रं माझी आहेत, आणि लोक हसतायत, कुणी म्हणतंय काकू किती गोड, कुणी समोसा पुढं करतंय... अहो समोसा काय करू, माझा आयफेल टॉवर परत द्या मला!

पहिल्यापासून सांगते तुम्हाला. मुलगा अंबरीश इंग्लंडात, बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरवर कामाला, त्यानं मला आणि आमच्या ह्यांना बोलावून घेतलं आणि आठ दिवसांच्या कोच टूरमध्ये कोंबून युरोपभर फिरवलं. कुठंही उतरा, वीस मिनिटं. बाकीचे फोटोला धावायचे, आमचे हे टॉयलेटला, आणि मी वही काढून बसायची. शिकलेय मी चौथी. पण अठ्ठावीस वर्षं रोज दारात रांगोळी घातलीय, डोळ्याचं माप चुकत नाही. आधी ठिपके, मग रेघ. पॅरिसचा टॉवर? एकवीस ते एक. व्हेनिसचा पूल, सात ओळी. स्विसची गाय तेवढी हलत होती मेली, तरी काढली. ठिपके कुणाचे? माझे.

परत आल्यावर सून वरदानं ती वही इथल्या मराठी लोकांच्या प्रदर्शनाला दिली. चांगलं केलं पोरीनं. मग प्रदर्शनवाल्या देवयानीचा फोन, चित्रकाराचं नाव काय लिहू? माझे हात कणकेत. फोन दिला ह्यांच्याकडे. आणि ह्यांनी काय सांगावं? स्वतःचं नाव! का, तर म्हणे, "घरातल्या सगळ्या फॉर्मवर माझंच असतं." अहो, गॅसचं कनेक्शन आहे का ते?

बरं, हॉलमध्ये तरी गप्प बसावं माणसानं. एक बाई म्हणाल्या, गाय काय बोलकी आलीय! तर हे मान तिरकी करून, "हो, तिचा स्वभावच तसा होता." स्वभाव? हा माणूस तेव्हा टॉयलेटमध्ये होता. ठिपके कुणाचे?

देवयानी मला बाजूला घेऊन समजावते, "काकू, काकांचं कौतुक म्हणजे तुमचंच ना?" असं? मग काका जेवले की माझंही पोट भरत असेल! तिथल्या तिथं पेन्सिल ह्यांच्या हातात कोंबली, म्हटलं काढा गाय, सगळ्यांसमोर. काढली ह्यांनी... चार पायांची उशी. मग मी चहाच्या टेबलावरच्या कागदावर ठिपके टाकले आणि देवयानीलाच काढली, हनुवटीसकट. तेव्हा कुठं माना हलल्या. ह्यांचीसुद्धा हलली. वर म्हणतात, "मी म्हणतच होतो."

देवयानी बिचारी नवं कार्ड घेऊन आली. सॉरी काकू, पूर्ण नाव सांगा. आता आली का पंचाईत? उखाणा सोडला तर अठ्ठावीस वर्षांत मी ह्यांचं नाव तोंडातून काढलेलं नाही. म्हटलं, नुसतं अरुणा लिही. तर म्हणे नाही काकू, सगळ्यांचं पूर्णच लिहिलंय, कार्डं सारखी दिसायला हवीत. मागं रांग लागलेली, वरदा खुणावतेय, हे छताकडं बघतायत... घेतलं शेवटी.

जा, बघून या. अजून लागलंय प्रदर्शन. माझ्या टॉवरखाली, माझ्या पुलाखाली, माझ्या गायीखालीसुद्धा, अरुणा आणि साठे यांच्या मधोमध, ऐसपैस पाय पसरून बसलाय तो... पुरुषोत्तम.