एकतिसाव्या भागातलं कौल

कानाझावातल्या पुस्तकाच्या दुकानासमोर सकाळीच रांग लागली होती. तलवारबाज किरिओच्या चित्रमालिकेचा अठ्ठावन्नावा भाग आज यायचा होता. त्या मालिकेतली घरं आणि झाडं चोवीस वर्षं काढणारी तोकुकोही रांगेत होती. तिला तिथे कुणीच ओळखत नव्हतं. तिच्या पुढे एक तरुण नर्स आणि निवृत्त बस-ड्रायव्हर कुरामोची आजोबा यांची जुंपली होती.

"एकतिसाव्या भागाला तोड नाही, आजोबा."

"अगं, त्यात सगळा वेळ तो आईच्या घराची कौलं शाकारतोय! चाळिसावा बघ. पुलावरची लढाई!"

"लढाया काय, तीस भाग झाल्याच होत्या. तो लढतो कुणासाठी, ते मला त्या छपरावर कळलं."

"कौलं बघून?"

"हो, कौलं बघून! एक फुटकं कौल दोरीनं बांधलंय. म्हातारी एकटीच वर चढली असणार. कुठे लिहिलेलं नाहीये."

"मला नाही दिसलं."

"मग वाचलंत काय?"

"बावीस वर्षं वाचतोय, मला शिकवते! अहो ताई, तुम्ही पाहिलंत का हो ते कौल?"

तोकुकोनं घसा खाकरला.

"पाहिलंय. दोरीला दोन गाठी आहेत."

"दोन? मला एकच दिसली!" नर्स म्हणाली.

"दुसरी मागे आहे. अर्धीच दिसते."

इतक्यात दुकानाचं शटर वर गेलं, आणि आजोबा सगळ्यांच्या आधी आत घुसले.

"नवा राहू द्या हो! आधी एकतिसावा काढा!"