देवदाराच्या खालच्या फांद्या

सकाळी पावणेनऊला बसच्या रांगेत वाऱ्याने एका बाईची छत्री उलटली. तिच्या मागे बहीण-भाऊ उभे होते.

"दादा, आज रात्री वादळ आहे म्हणे. आपला देवदार टिकेल ना?"

"न टिकायला काय झालं? खालच्या सगळ्या फांद्या उतरवल्यात मी. आता वारा धरायला उरलंय काय?"

"तुझी छत्री उघड बरं. दांडा अगदी वर, कापडाजवळ धर."

"धरला, मास्तरीणबाई."

"आता खालच्या टोकाला धर."

"अगं, मनगट पिरगळतंय!"

"कापड तेच, वाराही तोच. झाडालाही वरचाच वारा जास्त हलवतो, आणि शेंड्याला तू हातही लावला नाहीस."

"आईला उजेड हवा होता. शेंडा छाटून खिडकीत उजेड येतो का?"

"तिचा पलंग त्याच खिडकीखाली आहे, दादा."

"...फोन लाव तिला."

बहिणीने फोन लावला. बोलणं लगेच संपलं.

"काय म्हणाली?"

"आतल्या खोलीत झोपणार नाही म्हणते. इतक्या वर्षांनी पडल्या पडल्या आकाश दिसतंय म्हणे."

बस आली. बहीण चढली. भाऊ छत्री मिटवून आल्या वाटेने परत निघाला.