चाळीस इंची ओटा

...नाही हो, मस्तच झालंय, सगळेच म्हणतात मस्त झालंय! जो येतो तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून 'वा!' म्हणतो, ओट्यावरून हात फिरवतो, कपाट उघडतो, ती कपाटं हळूच आपोआप मिटतात ना, आवाज न करता, मग पुन्हा उघडतो, पुन्हा मिटतात, पुन्हा 'वा!'... आणि मी मागे उभा राहून हसतो. काय करणार? चारचौघांत रडता येतं का? पण तुम्हाला सांगतो, एकदा, फक्त एकदा विचारलं असतं, तर तोंड झिजलं असतं का माझं?

कुणाला म्हणजे? बायकोला! दुसऱ्या कुणाला?

आणि मुळात मागितलं काय होतं हिने? नळ! नवं स्वयंपाकघर नाही, काचेची बाथरूम नाही, नळ. सिंकवरचा नळ गळत होता. टप्... टप्... हिने खाली एक स्टीलची वाटी ठेवली होती, ती भरली की झाडाला ओतायची, पुन्हा ठेवायची. 'अहो, तेवढा नळ बघा ना जरा.' सहा महिने 'बघतो, बघतो' केलं आणि रिटायर झालो त्या आठवड्यात प्लंबर बोलावला. त्याने नळाला हात लावला नाही हो, नुसतं पाहिलं, आणि डॉक्टर एक्स-रे बघून करतात तसा चेहरा केला. 'साहेब, नळाचं काही नाही. आतला पाइप गेलाय. भिंत फोडावी लागेल.' म्हटलं, फोडा. तर म्हणाला, 'पलीकडे बाथरूम आहे ना? पाइप तिकडूनच येतोय. आता फोडतोच आहोत, तर...'

हे चार शब्द! 'आता फोडतोच आहोत, तर!' कुणी तुमच्या घरात उभं राहून हे चार शब्द उच्चारले ना, तर त्याला चहा पाजा, पाया पडा, आणि जिन्यापर्यंत सोडून या. मी सोडलं नाही. मी खुर्ची दिली. आता फोडतोच आहोत, तर बाथरूमच्या टाइल्स बदलू. टाइल्स बदलतोय, तर कमोड बदलू. तिकडे एवढं करतोय, तर इकडचा ओटा काय पाप करून आलाय? ओटा काढतोय, तर फरशी... एका नळापायी, दोन चहांत, अर्धं घर पाडायचं ठरलं! उंटावरचा शहाणा निदान दुसऱ्याच्या घराची भिंत पाडायला सांगतो, मी तर आपल्याच.

आता तुम्ही म्हणाल, अनुभव नसेल बिचाऱ्याला. अहो, अनुभव? चौतीस वर्षं मी वजनमापांचा निरीक्षक होतो! दुकानात शिरलो की दुकानदाराला घाम. कापडवाल्याची मीटरपट्टी अर्ध्या सेंटीमीटरने आखूड आहे, हे मी लांबून सांगायचो. तराजूखाली चिकटवलेलं चिंचोक्याएवढं शिसं शोधून काढलंय मी! जन्मभर दुसऱ्यांची खोटी मापं धरली. आणि घरात? जाऊ दे.

तर ठरलं. हिला म्हटलं, 'धुळीने तुला खोकला होतो, तू लेकीकडे जा. एकवीस दिवसांत काम उरकतो.' ही म्हणाली, 'मी असते तर बरं, मध्ये मध्ये काही विचारायचं असतं.' म्हटलं, 'तुला काय विचारायचं त्यात? मोजमापाचं काम आहे.' ऐकलंत? मोजमापाचं काम आहे! काय ऐट होती आवाजात! हिने बॅग उचलली, चपला घातल्या, आणि पुन्हा चपला काढून स्वयंपाकघरात गेली. म्हटलं, काय विसरलं? तर ओट्याशी उभी राहून पाणी प्यायली, पेला विसळून पालथा घातला आणि विचारलं, 'ओटा राहील ना?' मी म्हटलं, 'राहील म्हणजे? झकास होईल!'

तिने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, बघा. हे मला कळलं साडेतीन महिन्यांनी.

मग मी कामाला लागलो. आलेख कागद आणला, टोकदार पेन्सिली आणल्या. शेगडी, सिंक, फ्रिज यांचा त्रिकोण काढला, कुठून कुठे किती पावलं पडतात ते चालून मोजलं. मी! ज्याने त्या स्वयंपाकघरात चहापलीकडे काही केलं नव्हतं! आणि चहा करतानाही मला एकच गोष्ट खटकायची. ओटा बुटका. दोन कप विसळले की माझ्या कमरेत कळ. मग मनात यायचं, दोन कपांत माझी ही गत, तर एकतीस वर्षं या ओट्यावर राबणाऱ्या हिच्या कमरेचं काय झालं असेल? शपथेवर सांगतो, अगदी गलबलून आलं मला. ठरवलं, ओटा उंच करायचा. हिच्या कमरेसाठी हो! माझा काय स्वार्थ त्यात?

फोडाफोडी सुरू झाली. पहिल्या दिवशी मजा वाटते. दुसऱ्या दिवशी धूळ चहात येते, तिसऱ्या दिवशी उशीत, आणि चौथ्या दिवशी पाणी बंद. बाथरूम नाही, संडास नाही! मग समोरच्या बिऱ्हाडातले मास्तर धावून आले. देवमाणूस. 'आमचं बाथरूम आपलंच समजा, सकाळी सहा दहा ते सहा पंचवीस.' शाळेत वेळापत्रक लावायचे ना, ती सवय. मी खांद्यावर टॉवेल, हातात बादली, तोंडात ब्रश असा जिना ओलांडायचो, आणि आत साबण लावला रे लावला की दाराबाहेरून मास्तर, 'कालच्या बातम्या ऐकल्यात का?' आणि सुरू! बरं, त्यांच्याच पाण्याने अंघोळ करतोय, तोंड कसं वाजवणार? साबण डोळ्यांत गेला तरी 'हो का? अरेरे!' म्हणायचं. पंधरा मिनिटं झाली की टकटक. 'वेळ संपली!' एवढ्या वयात मी पेपर काढून घेतल्यासारखा अर्धा ओला बाहेर यायचो.

इकडे शेगडी गेली झोपायच्या खोलीत, तांदूळ पुस्तकांच्या कपाटात, आणि मीठ? मीठ मला अजून सापडलेलं नाही. दर रविवारी हिचा फोन. 'झालं का?' 'आठ दिवस.' पुढच्या रविवारी, 'झालं का?' 'आठच दिवस!' लेक म्हणायची, 'बाबा, आईला एकदा आणून दाखवा ना, तिचं स्वयंपाकघर आहे.' म्हटलं, 'अगं, अर्धवट काम काय दाखवायचं? पुरं झाल्यावर डोळेच दिपतील तिचे!'

आणि एक दिवस मिस्त्रीने हाक मारली. शांत माणूस, गरजेपुरतं बोलणारा. 'काका, हे बघा.' जुन्या ओट्यासमोरची फरशी. बाकी सगळी फरशी खरबरीत, आणि बरोब्बर मधोमध दोन जागा गुळगुळीत. किंचित खोलगट. शेजारी शेजारी, लहान लहान. 'इथे कुणीतरी वर्षानुवर्षं उभं राहिलंय, काका. ही एक फरशी अलगद काढून ठेवू का?'

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, 'झिजलीय ना? मग फोडा!'

फोडली त्याने. गोणीत भरली, गोणी गेली राडारोड्यात. आज वाटतं, धावत जावं आणि त्या ढिगात हात घालावा. पण राडारोड्यातून कधी काही परत मिळालंय? एकदा विचारलं असतं, तर तोंड झिजलं असतं का माझं? फरशी झिजली तिच्या पायांनी, माझी जीभ नाही झिजली!

मग आला मापाचा दिवस. मिस्त्री टेप घेऊन म्हणतो, 'काका, ओट्याशी उभं कोण राहणार?' बघा, शहाणा माणूस! नेमका प्रश्न विचारला! आणि मी? 'घ्या माप,' म्हटलं, आणि स्वतः ताठ उभा राहिलो. नियम मला पाठ होता, हात कोपरात वाकवायचा, कोपराच्या चार बोटं खाली ओटा. मी वाकवला हात. मिस्त्रीने भिंतीवर खूण केली. चाळीस इंच. वर मी टेप स्वतः तपासला. दोनदा! मिलिमीटरचा फरक नाही!

आता माझी उंची सहा फुटांना एक बोट कमी. आणि हिची... पाच फुटांना दोन इंच कमी.

हसताय? हसा. मीही हसलो असतो, दुसऱ्याच्या घरी घडलं असतं तर.

साडेतीन महिन्यांनी ही आली. मी दार उघडून असा उभा, जणू दुकानाचं उद्घाटन आहे. ही आत आली, चपला काढल्या, बॅगही खाली न ठेवता सरळ स्वयंपाकघरात गेली. ओट्यासमोर थांबली. आधी खाली बघितलं, फरशीकडे. नवी कोरी, चकचकीत. इकडे एक पाऊल सरकली, तिकडे एक पाऊल सरकली. तुम्हाला सांगतो, आपल्याच घरात कुठे उभं राहायचं हे माणसाला कळत नाही, असं मी पहिल्यांदा बघितलं. मग तिने कांदा घेतला, सुरी घेतली. ओटा छातीशी! दोन्ही कोपरं वर, खांदे कानांपाशी, पोस्टाच्या खिडकीशी लहान मूल उभं राहतं ना, तशी. चार काप केले. सुरी ठेवली. म्हणाली, 'छान आहे.'

छान आहे! लग्न झालेल्या माणसाला या दोन शब्दांचा अर्थ सांगायला नको. भांडली असती तर परवडलं असतं हो!

बाथरूममध्ये गेली. तिथेही मापं माझीच! आरशात तिला फक्त स्वतःचे केस दिसतात. टॉवेलची दांडी गाठायला उडी मारावी लागते. बाहेर आली आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली. संध्याकाळचे सहा वाजले होते. एकतीस वर्षांत सहा वाजता मी तिला बसलेली पाहिली नव्हती. हात मांडीवर, पाय जुळवून. पाहुणे बसतात ना, चहा यायची वाट बघत, तशी. मी समोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, 'चुकलं गं माझं.' तर म्हणते, 'चूक कसली? माप बरोबर आहे. तुमचं आहे.'

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला फोन लावला. 'ओटा सहा इंच खाली घेता येईल का?' तो म्हणाला, 'काका, दगड चिकटवलाय, खाली कपाटं बसवलीत. फोडावं लागेल. आणि आता फोडतोच आहोत, तर...' मी फोन ठेवला!

मग सुताराकडून एक लाकडी पायरी करून आणली. सहा इंच उंच, कडा घासलेल्या, खाली रबर. ही त्या पायरीकडे बघून म्हणाली, 'म्हणजे माझ्याच स्वयंपाकघरात मी आता चढून उभी राहू? आणि भात बघायला चढू, मीठ घ्यायला उतरू, झाकण ठेवायला पुन्हा चढू?' त्या पायरीवर आता कुंडी आहे.

तर मग स्वयंपाक कोण करतं? सांगतो ना! ज्याच्या मापाचा ओटा, तो! मी! रोज, दोन वेळा! आणि ही खिडकीपाशी खुर्चीवर बसून सांगते. 'मीठ घाला.' 'किती?' 'अंदाजाने.' 'अगं, अंदाज म्हणजे किती ग्रॅम?' 'हाताला कळतं.' 'तुझ्या हाताला कळतं, माझ्या हाताला चौतीस वर्षं तराजू होता!' 'मग आता बिनतराजूचं शिका.' कमर? कमर अजिबात दुखत नाही हो माझी! ओटाच तसा बांधलाय! पण परवा भात करपला, आणि ही सवयीने चटकन उठली, दोन पावलं आली, ओट्यापाशी थांबली. हात पुढे केला, आणि मागे घेतला. पुन्हा जाऊन बसली. भाताचं काही नाही हो, भात काय, पुन्हा लावता येतो. तो मागे घेतलेला हात मला दिसतो सारखा. एकदा विचारलं असतं...

आणि काल, कांदा चिरता चिरता, कानावर आलं. टप्. मी सुरी थांबवली. टप्. नवा नळ! साडेतीन महिने, दोन खोल्या, सतरा गोणी राडारोडा, आणि टप्! मी हिच्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे बघितलं. 'अहो,' ती म्हणाली, 'नळ गळतोय.' मी म्हटलं, 'गळू दे. प्लंबर नको.' ती उठली, आतून कुठून तरी ती जुनी स्टीलची वाटी घेऊन आली. जपून ठेवली होती बघा, लेकीकडे गेली तेव्हा बॅगेत घालून नेली होती. सिंकमध्ये ठेवायला गेली, हात पोचेना. मग माझ्या हातात दिली. या वेळी मात्र मी विचारलं, 'कुठे ठेवू?' ती म्हणाली, 'जरा डावीकडे... हं, तिथेच.'

आणि तुम्हाला सांगतो, बसली हो बरोब्बर! अख्ख्या घरात हिच्या मापाची उरलेली तेवढी एकच वस्तू.