मुलाकडची माणसं

विठ्ठलवाडी डेपोतल्या रांगेत पुढच्या दोघींचं बोलणं कानावर आलं, तसं मुकुंदने पुस्तक मिटलं.

"माई, उमाचं जमलं का?"

"कुठलं. तिला बघायला पाहुणे यायच्या आधीच फायनान्सचे वसुलीवाले आले. मला वाटलं, मुलाकडचेच. पोहे दिले."

"खाल्ले?"

"दोघांनीही. आणि पाहुणे टेकल्यावर त्यांच्यादेखत म्हणाले, आधी स्कूटरचे हप्ते भरा, मग मुलगी उजवा."

"पोलिसांत जायचं ना."

"गेलो. हवालदार म्हणाला, तुम्हीच घरात घेतलंत, खायला घातलंत, मग त्रास कसला?"

"आणि तो ग्राहक मंच?"

"वकील म्हणतो, तिथे स्कूटर बिघडल्याची तक्रार चालते, अब्रू गेल्याची नाही."

"दुसरं स्थळ बघा."

"रविवारी येणार होतं. उमाच नको म्हणाली. दार वाजलं, की मोरीत जाऊन बसते."