जर्मन कंपनीचा जपानी दुजोरा

टोकियोतल्या एका ऑफिसने माझी जशी जिरवली ना, तशी चाळीस वर्षांच्या बातमीदारीत एकाही मंत्र्याने जिरवली नव्हती. मुलीकडे टोकियोजवळच्या उरायासूला आलो होतो. पुण्याच्या संपादकाने पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या एका जर्मन रेकॉर्ड कंपनीच्या इतिहासावर लेख मागितला. मी लिहिलं, की महायुद्ध चालू असतानाच कंपनीचा मालक बदलला.

"कंपनीचा दुजोरा आणा सर, त्याशिवाय छापणार नाही." हा संपादक माझ्याच हाताखाली शिकलेला!

तडक कंपनीच्या टोकियो ऑफिसात धडकलो. मोरीसान नावाच्या अधिकाऱ्याने दोन्ही हातांनी कार्ड दिलं, कमरेत वाकला आणि म्हणाला, "आम्ही पुढे इतक्यांदा विकले गेलो, की जुनी कागदपत्रं कुठल्या मालकाकडे राहिली, ते आम्हालाच ठाऊक नाही. आपलं काय मत?"

"मी विचारायला आलोय, परीक्षा द्यायला नाही!" असं म्हणत तावातावाने अर्धा तास सगळा इतिहास ऐकवला. त्याने शब्दन् शब्द टिपून घेतला.

चौथ्या दिवशी शिक्का मारलेलं पत्र आलं. 'युद्धकाळात मालक बदलला, हे खरे आहे. आधार: भारतातील एक ज्येष्ठ तज्ज्ञ.'

त्याची प्रत संपादकालाही पोचली होती. मी फोनवर ओरडलो, "छापू नकोस! तो तज्ज्ञ मीच आहे!"

"असू द्या की सर. मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, पण कंपनीने ठेवला ना? पान छपाईला सोडलंय."