सगुणाबाई गन दाखवतात

— तेच तर सांगतेय कधीची, बिघडलीय ती. हर्षद फोनवर बोलला नाय? नसेल बोलला, विकणारा कशाला बोलेल — पण मी त्याची आई, मला खोटं बोलवत नाय. पालीहून एवढ्या उन्हाचे आलात अझीमभाई, पाणी प्या, गुळाचा खडा तोंडात टाका, आणि पुढे हातखंब्याला जाऊन दुसरी बघा. खिळे मारायच्या गनी आता कुठेही मिळतात. ही मेली वाराच धरत नाय. मारलाच खिळा तर अर्धा आत, अर्धा बाहेर. माझं काय, गेली तर गेली — आंब्याच्या पेट्या काय हातोडीने होत नव्हत्या? जन्मभर हातोडीनेच मारल्या की मी. आता हातोडी उचलली की मनगटातून कळ थेट खांद्यात जाते, ते सोडा. गन गेली की सगुणाबाईने कोपऱ्यात बसून पेट्यांत पेंढा भरायचा, असं ठरलंय घरात. भरेन. पेंढा भरायला काय वाईट आहे? वाईटच आहे, पण भरेन —

अहो, अहो, अहो! तशी नाय धरायची! बोट काढा चापावरचं. आधी बोट काढा. पाईप जोडलेला आहे, टाकीत वारा भरलाय, आणि तुम्ही तिच्या चोचीत डोळा घालून बघताय — आत काय देव बसलाय? तोंड खाली, फळीकडे. हां. बोट बाहेरच्या बाजूला आडवं, असं. हातात घेऊन चालताना तर चापाला बोट लावायचंच नाय; पाय अडखळला, मूठ आवळली, की खिळा कुणाच्या तरी पोटरीत. तशी ती शहाणी आहे हो, पुढची चोच फळीवर दाबल्याशिवाय सोडत नाय खिळा. पण काही दीडशहाणे ती चोच तारेने मागे बांधून ठेवतात, काम पटापट व्हावं म्हणून. तुमच्या कारखान्यात बांधतात? नाय ना? मग बरं. बांधत असते तर पाणीसुद्धा दिलं नसतं तुम्हाला.

काय म्हणालात? बिघडलेली आहे तर एवढी घाबरता कशाला? — बघा, आता तुम्ही शब्दात पकडायला लागलात. बिघडलेली गाडी उतारावर धावत नाय? धावते. तशी ही. बरं, द्या इकडे. एकच खिळा मारून दाखवते, म्हणजे किती वाईट मारते ते कळेल तुम्हाला. तो चष्मा द्या खुंटीवरचा. डोळ्यावर काच हवीच, ढलपी उडाली तर डोळा काही बाजारात मिळत नाय. आणि डावा हात हा असा लांब, खिळ्याच्या वाटेत नाय. रायवळची फळी, गाठी असतात तिला. गाठ लागली की खिळा वाकतो, बाजूने बाहेर येतो आणि बरोब्बर बोट शोधतो. आता चोच टेकवली, दाबली, आणि — ठप्प! आणि हा — ठप्प! आणि ही दुसरी बाजू आली, ती तरी बिचारी का सोडा — ठप्प, ठप्प! हाहा! ऐकलात आवाज? तळाच्या पट्ट्या द्या, द्या हो, उभे काय राहिलात, आता अर्धी कशी ठेवायची? ठप्प! झाली. फिरवा हात आतून. लागतं कुठे खिळ्याचं टोक? हापूसच्या सालीला ओरखडा यायचा नाय. गेल्या हंगामात आख्ख्या आवाठातल्या, घरोघरच्या बायका बघायला यायच्या, शेजारची चिमा तर भात चुलीवर ठेवून यायची आणि करपवून जायची. मी पदर खोचून इथे उभी, ठप्प ठप्प ठप्प, जशी काय तोफच माझ्या ताब्यात!

हसताय काय? बरं बाबा, धरते वारा. पूर्ण जातो खिळा. झालं समाधान?

मग विकतो कशाला — ते नका विचारू. घरातली गोष्ट आहे. मी मेले तरी सांगणार नाय. पण तुम्ही बाहेर बोलणार नाय ना? शपथ घ्या. घेतलीत? तर झालं काय, गेल्या महिन्यात गारठा पडला होता. गनमध्ये रोज दोन थेंब तेल सोडायचं असतं, इथून, पाईप जोडतात तिथून. तिचं तेल वेगळं, पातळ. ते संपलेलं. तर आमच्या हर्षदने काय घातलं? खोबरेल! देवाशप्पथ! म्हणाला, तेल ते तेल, घरच्या नारळांचं आहे, ह्याच्यापेक्षा शुद्ध कुठलं मिळणार? आता गारठ्यात खोबरेलाचं काय होतं ते काय सांगायला हवं? स्वयंपाकघरात बाटलीचा दगड झालेला, मी डोक्याला लावायला चमच्याने खरवडून काढत होते. तसंच आत गनमध्ये थिजलं. सकाळी चाप ओढतो तर ढिम्म. आता अशा वेळी पहिलं काय करावं? पाईप काढावा. अडलेल्या गनला वाऱ्यावर ठेवून हात लावायचा नाय — पण हा फळ्यांच्या थप्पीवर बसला, लुंगी नेसून, गन मांडीशी, चोच खाली दाबलेली, चाप ओढलेला, आणि वरून टपल्या मारतोय तिला. एवढ्यात ऊन आलं थप्पीवर. आत खोबरेल वितळलं असणार. आणि — ठप्प!

नाय नाय, मांडी वाचली. लुंगी गेली. लुंगीतून खिळा थेट फळीत, डोक्यापर्यंत! आणि तेवढ्यातच बचत गटाच्या बायका आल्या पेट्या सांगायला. हा उठतो कसला! बसूनच, या, बसा, बसा. त्यांच्या अध्यक्षीणबाई समोर उभ्या, हा गादीवरच्या शेठसारखा बसलेला. मला काय माहीत? मी चहा घेऊन आले, म्हटलं, अरे ऊठ, बाईंना जागा दे. उठेना. मला आला राग, दंडाला धरला आणि दिला ओढून — हर्षद इकडे, लुंगी तिकडे, फळीवर! हिरव्या पट्ट्यांची चड्डी! अहो, थांबा, मला हसू आवरत नाय — त्या अध्यक्षीणबाई देवाला करावा तसा नमस्कार करून मागे वळल्या!

त्या दिवसापासून हर्षद म्हणतो, गन धोक्याची. आणि आईचं वय झालं, आईच्या हातून काहीतरी होईल. आईच्या! हातखंब्याच्या केरू गॅरेजवाल्याला मी गुपचूप बोलावला, त्याने उघडून सगळं खोबरेल पुसून काढलं, नवं तेल दिलं. संध्याकाळी टाकीखालचा कॉक उघडून आत साचलेलं पाणी सोडते, काट्याच्या लाल रेघेवर वारा जाऊ देत नाय, लहान पोरासारखी पुसून ठेवते. गन झकास आहे अझीमभाई. त्याची लाज तेवढी —

हे मी काय बोलून बसले. खिशात हात कशाला घालताय? नका ना घेऊ हो. तुम्हाला दुसरी मिळेल. मला कोण आणून देणार?

थांबा, त्याचाच फोन. — हां, बोल. आलेत रे. बघितली. नको म्हणतायत. अरे, नको म्हणतायत तर मी काय करू? — तुमच्याशीच बोलायचंय म्हणतो. घ्या. बोला तुमच्या मनाला येईल ते.

...

ठेवलात? ऐकलं मी, नको म्हणालात. देव तुमचं भलं करो, तुमच्या पोराबाळांचं भलं करो. पण शेवटी काय बोललात ते? पोरांचं खेळणं आहे, दोन दिवसांत मोडेल? हिला? माझ्यासमोर? अहो, नको तर नको म्हणावं माणसाने, असं वाट्टेल ते बोलावं? केवढी पेटी मारून दाखवली मघाशी, डोळे काय पालीला ठेवून आलात? खेळणं म्हणे! नाय, हात लावू नका आता. पाणी प्यायलात ना? मग निघा. निघा म्हणते ना! आणि जाताना कुंपणाचं बेडं ओढून घ्या, गुरं आत शिरतात.